गाजर गवत आलें कोठून?

पावसाळ्यांत नदीकांठीं, रेल्वेच्या रुळांलगत आणि शहराबाहेरच्या ओसाड जागांत इवल्याशा पांढऱ्या फुलांची जी दाटी दिसते, तिला कोणी गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत, तर कोणी पांढरी फुली. वस्तुतः हें गवत नव्हेच. सूर्यफूल व झेंडू यांच्या कुळांतील ही अल्पायुषी वनस्पति होय. तिचीं पानें गाजराच्या पानांसारखीं चिरलेलीं असतात, म्हणून तें नांव पडलें. शास्त्रज्ञ तिला पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणतात. लिनियसनें १७५३ सालीं तिचें वर्णन केलें. तिचें माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत आहे.

ती आपल्याकडे आली कशी? याचें उत्तर लोकांनीं केव्हांच ठरवून टाकलें आहे : अमेरिकेच्या पी. एल. ४८० या कायद्याखालीं आलेल्या गव्हांतून. परंतु सर्वतोमुखीं झालेली गोष्टहि तारखांच्या कसोटीवर घांसून पाहावी लागते.

हा कायदा जुलै १९५४ मध्यें झाला आणि त्याखालीं भारताशीं पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्यें झाला. पुण्यांत मात्र हें तण १९५५ सालींच दृष्टीस पडलें होतें. आर. एस. राव यांनीं १९५६ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची नोंद प्रसिद्ध केली. जें झाड कराराच्या आधीं उगवलें, तें त्या कराराच्या जहाजांतून कसें उतरणार?

येथें एक आक्षेप निघेल, व तो रास्त आहे. अमेरिकेचा गहू त्यापूर्वींहि येत होता. अन्नटंचाईच्या दिवसांत, १९५१ सालीं, त्यासाठीं अमेरिकेनें स्वतंत्र कायदा करून कर्ज दिलें होतें. तेव्हां गव्हावरील संशय सर्वस्वीं फिटत नाहीं. फिटतो तो केवळ पी. एल. ४८० वरचा. शिवाय रॉक्सबर्गच्या नांवें १८१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाच्या यादींत या वनस्पतीचें नांव आढळतें. म्हणजे ती एकदांच व एकाच वाटेनें आली, असें मानण्याचें कारण उरत नाहीं.

ऑस्ट्रेलियाचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील क्वीन्सलंड प्रांतांतहि हें तण १९५५ सालींच नोंदलें गेलें. तो देश तर स्वतःच परदेशीं गहू पाठविणारा! तेथें पुढें टेक्सासहून आणलेल्या गवताच्या बियाण्यांतूनहि तें शिरलें, आणि कुरणेंच्या कुरणें त्यानें व्यापलीं.

त्याची ही शक्ति बियांत आहे. एक जोमदार झाड पंधरा हजारांहून अधिक बिया देतें. त्या वाऱ्यावर व पाण्याबरोबर जातात, चाकांच्या चिखलाला चिकटतात, खतांतून व मातींतून गांवोगांव पोंचतात. ओलावा मिळाला कीं कोणत्याहि ऋतूंत त्या रुजतात. झाडांतील पार्थेनिन या द्रव्यानें भोंवतालच्या इतर रोपांची वाढ खुंटते. अनेकांच्या अंगावर खाज व गजकर्णासारखे चट्टे उठतात. परागानें दमा बळावतो. गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि चाऱ्यांत मिसळून तें पोटांत गेलेंच, तर दुधाला कडवटपणा येतो.

एखाद्या रानफुलाविषयीं बोलतांना त्याचें रक्षण कसें करावें, असा प्रश्न एरवीं निघतो. येथें प्रश्न उलटा आहे : याच्यापासून आपल्या माळावरील पवन्या, शेडा हीं गवतें कशीं राखावीं? मेक्सिकोंतून १९८३ सालीं झायगोग्रामा नांवाचा भुंगेरा आणून पुढच्या वर्षीं तो बंगळूरजवळ सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो पानें फस्त करतो. परंतु कोरड्या महिन्यांत तो जमिनींत दडून बसतो, आणि तणाला पुनः उसंत मिळते.

म्हणून आगमनाचा हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. सारा दोष एका जुन्या जहाजावर लोटला, कीं तण आजहि कशानें पसरतें हें पाहण्याची जबाबदारी आपोआप टळते. बांधकामासाठीं उकरलेली माती, रिकामे पडलेले भूखंड आणि न तपासतां आणलेलें शेणखत हींच त्याचीं आजचीं जहाजें होत. तीं अडविणें आपल्या हातीं आहे. हातमोजे घालून, फुलें येण्यापूर्वीं हीं झाडें मुळासकट उपटावीं, आणि मोकळ्या झालेल्या जागीं दुसरें कांहीं लावावें. कारण उघडी जमीन म्हणजे या पाहुण्याला दिलेलें आमंत्रणच होय.