मीटरच्या अलीकडे, मीटरच्या पलीकडे

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटला की नोंदणी, पहिली कमिटी, गणेशोत्सव, २६ जुलैचा पूर आणि पार्किंगची भांडणे आपोआप आठवतात. त्यावर या स्मरणिकेत इतरांनी लिहिले असेलच. मला लिहायचे आहे ते भिंतीआडच्या इतिहासावर. आपल्या घरात वीज आली, पण ती तपासायची कोणी, हा प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे कसा हातोहात फिरत आला आणि शेवटी आपल्याच दारात कसा येऊन उभा राहिला, त्याची ही हकिकत. मी इंजिनिअर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण कमिटीने विजेच्या कामाची फाइल माझ्याकडे सोपवली, आणि फाइल हातात आली की पहिल्या पानापासून वाचायची ही जुनी सवय.

मंडईतले दिवे आणि पहिले कायदे

क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले ते १८८२ साली. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने ते काम घेतले होते. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसबत्त्या आल्या. योगायोग असा, की त्याच १८८२ साली लंडनमध्ये टेलिग्राफ इंजिनिअरांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम प्रसिद्ध केले. आज इंग्लंडमध्ये वायरिंगचे जे नियम पाळतात, ती त्याच नियमांची अठरावी आवृत्ती आहे. म्हणजे वीज आली त्याबरोबरच तिच्यापासून सांभाळायचे कसे, याचा विचारही आला.

आपल्याकडे १८८७ साली विजेच्या धोक्यापासून माणसांचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी पहिला कायदा झाला. मग १९०३चा आणि त्यानंतर १९१०चा. १९१०च्या कायद्यात विद्युत निरीक्षक नेमण्याची तरतूद होती. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५६चे भारतीय विद्युत नियम आले. त्यातला ४६वा नियम आपल्या कामाचा: जोडणी दिलेल्या प्रत्येक संचमांडणीची जास्तीत जास्त पाच वर्षांतून एकदा तपासणी व चाचणी झाली पाहिजे, आणि ती निरीक्षकाने किंवा वीज पुरवणाऱ्याने करावी. कागदावर फार चांगला नियम. पण निरीक्षक मूठभर आणि मुंबईतली घरे लाखो. आमच्या पिढीतल्या किती जणांनी घरात वायरिंग तपासायला आलेला सरकारी माणूस पाहिला असेल, हे प्रत्येकाने आठवून बघावे.

उपनगरातली वीज

शहरात १९०५पासून ट्राम आणि वीज एकाच कंपनीकडे होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेकडे आली. तीच आपली बेस्ट. उपनगरासाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, ही कंपनी निघाली. टाटांकडून वीज घ्यायची आणि उपनगरात वाटायची, असा तिचा व्यवहार. २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा आपल्या बिलावर बीएसईएसचेच नाव होते. २००३मध्ये ती रिलायन्स समूहाकडे गेली आणि २०१८मध्ये अदानींकडे. बिलावरचे नाव बदलत गेले, मीटर चकतीचे जाऊन आकड्यांचे आले. भिंतीतल्या तारा मात्र त्याच राहिल्या.

त्या तारा घातल्या तेव्हा आपल्याकडे एसी मोजक्या घरांत होते. फ्रिज, टीव्ही, मिक्सर आणि सकाळी तासभर गीझर, एवढाच संसार. आता हिशेब करू. गीझर २ किलोवॉट, इंडक्शन शेगडी २ किलोवॉट, दीड टनाचे दोन एसी मिळून साधारण साडेतीन. एकाच वेळी चालू राहिले तर साडेसात किलोवॉट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ३२ अँपिअर. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. तारेवरचे प्लॅस्टिक ही उष्णता वर्षानुवर्षे सोसते, कडक होते आणि एक दिवस तडकते.

त्यात आपण राहतो वर्सोव्याला. समुद्राचा वारा सगळ्यांनाच हवाहवासा वाटतो, पण तांब्याच्या जोडावर हिरवा थर चढतो आणि अर्थिंगची लोखंडी पट्टी गंजून पापडासारखी होते, ती त्याच खाऱ्या हवेने. खाऱ्या जमिनीत अर्थिंग चांगले मिळते हे खरे, पण तीच जमीन ते लवकर खातेही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्या मीटर रूममध्ये गुडघाभर पाणी होते. नंतर मीटर वर उचलले. खालून जाणाऱ्या केबलचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी उघडून पाहिले नाही.

‘शॉर्टसर्किट’ या शब्दामागे

पेपरात कुठल्याही आगीचे कारण ‘शॉर्टसर्किट’ असते. मुंबई अग्निशमन दलाने माहिती अधिकारात दिलेल्या आकड्यांनुसार २००८ ते २०१८ या दहा वर्षांत शहरात आगीच्या ४८ हजारांवर घटना घडल्या आणि त्यांतल्या ३२ हजारांहून अधिक विजेच्या दोषामुळे होत्या. तीन आगींमागे दोन! पण शॉर्टसर्किट हा बहुतेक वेळा शेवटचा अंक असतो. त्याआधी कुठेतरी स्क्रू सैल झालेला असतो, जोड तापत असतो, बारीक तारेवर मोठे यंत्र लटकवलेले असते किंवा फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असते.

९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांचे फायर आणि इलेक्ट्रिकल ऑडिट करण्याचे आदेश निघाले. ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, एका इमारतीच्या तळमजल्यावर आग लागली. खाली उभी वाहने आणि साठवलेले कापड पेटले, धूर जिन्याने वर चढला आणि किमान सात माणसे प्राणाला मुकली. ती बातमी वाचून आपल्या कमिटीने ठरवले, की दुसऱ्यांच्या इमारतीबद्दल हळहळण्यापेक्षा आपली मीटर रूम उघडून पाहू.

आपल्या इमारतीत काय सापडले

परवानाधारक कंत्राटदाराची माणसे आणि एक चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअर असे मिळून चार दिवस काम चालले. मी वही घेऊन मागे फिरत होतो.

मीटर रूममध्ये गणपतीच्या मखराचे थर्माकोल, दोन जुन्या सायकली आणि रंगाचे डबे होते. ते त्याच दिवशी बाहेर काढले. नंतर विजेचा डक्ट उघडला. १५ मीटरपेक्षा उंच इमारतीत विजेच्या केबलच्या डक्टमधून दुसरी कुठलीही पाइप किंवा केबल न्यायची नाही आणि प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये आग अडवणारा पडदा हवा, असा नियम आहे. आपल्या डक्टमध्ये टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरींची जटा झालेली होती आणि त्या घालण्यासाठी पडदे फोडलेले होते. म्हणजे आग लागलीच तर तो डक्ट धुराचे धुराडेच!

घरांमध्ये मेगर लावून तपासणी केली. मेगर हे तारेच्या आवरणाची ताकद मोजायचे यंत्र. सगळी उपकरणे काढून ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा. रोध निदान एक मेगओहम आला पाहिजे. बहुतेक घरे पास झाली. जी झाली नाहीत, त्यांत जवळजवळ सगळीकडे बाथरूम किंवा खिडकीच्या एसीची लाइन दोषी होती.

सर्वांत बोलके उदाहरण तिसऱ्या मजल्यावरचे. तिथल्या आजी सहज म्हणाल्या, “नळाला हात लावला की जरा मुंग्या येतात, म्हणून आम्ही स्लीपर घालूनच आंघोळ करतो.” घरात सगळ्यांना ते अंगवळणी पडले होते! पाहिले तर गीझरच्या पत्र्यावर वीज उतरत होती. मागे टाइल्स बदलताना अर्थिंगची तार कापली गेली होती, आणि जुना ईएलसीबी “सारखा पडतो” म्हणून कोणा वायरमनने बाजूला काढून थेट जोडणी दिली होती. तो सारखा पडत होता, कारण तो आपले काम करत होता.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतला फरक इथे समजून घ्यावा. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. शंभर वॉटचा जुना बल्ब जेवढा प्रवाह घ्यायचा, त्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला तरी माणूस धोक्यात येतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तेवढी गळती ओळखून क्षणात वीज तोडतो तो आरसीसीबी. पूर्वी ५ किलोवॉट आणि त्यावरच्या जोडणीला तो सक्तीचा होता. नंतर ही मर्यादा २ किलोवॉटवर आणली आणि घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हा आकडा ठरवला. आजींच्या घरी तो त्याच आठवड्यात बसला.

आता जबाबदार कोण?

२००३च्या विद्युत कायद्यानंतर जुने नियम गेले. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. या प्रवासात एक मोठी गोष्ट गाजावाजा न होता घडली. राज्य सरकारने ठरवलेल्या दाबापर्यंतच्या संचमांडणीची ठरावीक काळाने तपासणी मालकाने किंवा ग्राहकाने करून स्वतःच प्रमाणित करायची आणि अहवाल विद्युत निरीक्षकाकडे द्यायचा, अशी व्यवस्था झाली. म्हणजे १९५६ साली जे काम साहेबाचे होते, ते आता आपले आहे. बँकेत इन्स्पेक्टर येणार म्हटले की खाती आदल्या रात्री जुळवली जायची. इथे इन्स्पेक्टर येणार नाही हे माहीत असूनही खाती जुळवायची आहेत.

वाटणी स्पष्ट आहे. मीटरपर्यंत वीज कंपनी. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतच्या तारा सोसायटीच्या. त्यापुढचे सगळे सभासदाचे. या तिसऱ्या टप्प्यात कोणीच डोकावत नाही, आणि माणसे राहतात ती तिथेच. आपल्याकडे बरीच घरे भाड्याने दिलेली आहेत. सिनेमा-मालिकांत काम करणारी मुले अकरा महिन्यांनी बदलतात. इंग्लंडमध्ये २०२०पासून भाड्याच्या घराचे वायरिंग दर पाच वर्षांनी तपासून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान भाडेकराराच्या वेळी तपासणीचा कागद मागायला काय हरकत आहे?

स्ट्रक्चरल ऑडिट आता सर्वांना माहीत आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यामुळे दर जानेवारी-जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणेचे बी प्रमाणपत्रही आपण देतो. विजेची तपासणी त्याच पंक्तीत बसली पाहिजे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मुख्य केबल बदलण्याचा, डक्ट मोकळा करून पडदे बसवण्याचा आणि अर्थिंग नव्याने करण्याचा ठराव येणार आहे. वर्गणी पडेल. “पंचवीस वर्षे काही झाले नाही, आता कशाला?” असे काही जण म्हणतात. खरे तर पंचवीस वर्षे झाली, हेच त्याचे उत्तर आहे. दोन घरांनी अजून तपासणीला दार उघडलेले नाही. त्यांचा एक तापलेला जोड त्यांच्या वरच्या आणि खालच्या घराचाही प्रश्न आहे.

ठराव होईल तेव्हा होईल. आज प्रत्येकाने एवढे करावे: आपल्या डीपीवर ‘टी’ लिहिलेले बटण आहे का पाहावे. असेल तर दाबावे. घरातली वीज गेली पाहिजे. नाही गेली, किंवा बटणच नसेल, तर ऑफिसातल्या तपासणी नोंदवहीत आपला फ्लॅट नंबर लिहावा. वही तिथे ठेवलेली आहे, आणि तिची बरीच पाने कोरी आहेत.