मेटॅलिकाचे परखड चाहते

दरबारी गवयाला एका राजाची मर्जी सांभाळावी लागे. तो राजा गुणग्राहक असला तर गवयाचें भाग्य, आणि लहरी असला तर दुर्दैव. पण मर्जी एकच असे आणि ती समोर बसलेली असे. विसाव्या शतकांत तबकडी आली, नभोवाणी आली, आणि राजाच्या जागीं लाखों अपरिचित श्रोत्यांचा समुदाय येऊन बसला. या समुदायाला ना दरबार, ना सिंहासन. तरी त्याची प्रीति आणि त्याचा कोप हीं दोन्ही राजाच्या तोडीचीं असतात. याचें एक बोधप्रद उदाहरण म्हणजे मेटॅलिका हा अमेरिकन रॉक वाद्यवृंद. त्याच्या चाहत्यांनीं त्याच्यावर उदंड प्रेम केलें आणि वेळोवेळीं त्याचा कानहि धरला. २००८ सालीं तर त्यांनीं पुरावा हातीं घेऊन त्याच्याशीं भांडण मांडलें.

मेटॅलिकाची स्थापना १९८१ सालीं लॉस एंजेलिस येथें झाली. डेन्मार्कमध्यें जन्मलेला ड्रमवादक लार्स उलरिक आणि गायक व गिटारवादक जेम्स हेटफील्ड हे त्या वृंदाचे दोन मूळ खांब. त्यांनीं पत्करलेला संगीतप्रकार 'थ्रॅश' या नांवानें ओळखला जातो. त्यांत लय अतिद्रुत असते, गिटारचे स्वर मुद्दाम जाड व खरखरीत केलेले असतात, आणि ड्रमचा मारा अखंड चाललेला असतो. परिचय नसलेल्या माणसाला हा निव्वळ गोंगाट वाटतो. जाणकाराला मात्र त्यांत पालटते ताल, गिटारवरील लांब लांब आलाप आणि वादकांची काटेकोर जुळणी आढळते.

१९८२ सालीं या वृंदानें आपल्या कांहीं गाण्यांची एक नमुन्याची कॅसेट काढली. एका रसिकानें तिची नक्कल करून दुसऱ्याला द्यावी, दुसऱ्यानें ती टपालानें तिसऱ्याकडे धाडावी, अशा रीतीनें ती हातोहात दूरवर पोहोंचली. पहिला आल्बम १९८३ च्या जुलैमध्यें निघाला, तेव्हां तो ऐकणारे कान आधींच तयार झालेले होते. पुढील सर्व वादांचें मूळ या घटनेंत आहे. ज्या रोपट्याला आपण पाणी घातलें त्याच्या फळावर आपला हक्क आहे, ही भावना त्या पहिल्या चाहत्यांच्या मनांत रुजली ती कायमची.

या हक्काची पहिली चुणूक १९८४ सालीं दिसली. दुसऱ्या आल्बममध्यें 'फेड टू ब्लॅक' हें संथ व हळुवार आरंभाचें गीत होतें. तेवढ्यावरून कांहीं कडव्या चाहत्यांनीं वृंदानें बाजाराला शरण गेल्याचा आरोप केला. १९८६ च्या मार्चमध्यें 'मास्टर ऑफ पपेट्स' निघाला आणि त्याची थोरवी बहुतेकांनीं मान्य केली. पण त्याच वर्षीं २७ सप्टेंबरला स्वीडनमध्यें वृंदाची बस उलटून मंद्र स्वराच्या गिटारचा वादक क्लिफ बर्टन मृत्यु पावला. तो अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याच्या जागीं जेसन न्यूस्टेड आला. १९८८ च्या आल्बममध्यें या नव्या वादकाचें वादन इतकें दबलेलें होतें कीं तें जवळजवळ ऐकूंच येत नव्हतें, आणि ही उणीव चाहत्यांच्या कानांतून सुटली नाहीं. ज्यांना बाहेरचें जग आरडाओरडीचे भोक्ते समजत होतें, त्यांचे कान असे तिखट होते.

१९९१ च्या ऑगस्टमध्यें बॉब रॉक या निर्मात्याच्या देखरेखीखालीं पांचवा आल्बम निघाला. त्याच्या काळ्या वेष्टनावरून लोक त्याला 'ब्लॅक आल्बम' म्हणूं लागले. लय मंदावली, गाणीं आटोपशीर झालीं, चाली सुटसुटीत झाल्या. एकट्या अमेरिकेंत त्याच्या दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या. नवे श्रोते लाखांनीं आले; जुने मात्र घरांत पाहुण्यांची गर्दी झाल्यावर कोपऱ्यांत सरकलेल्या वडिलधाऱ्यांसारखे खिन्न झाले. १९९६ सालीं 'लोड' हा आणखी सौम्य आल्बम आला आणि त्याबरोबर वादकांचीं आंखूड केसांचीं छायाचित्रें आलीं. लांब केस हें या पंथाचें जणु लांछन होतें. संन्याशानें जटा उतरवून पेढीवर बसावें, तसें तें चाहत्यांना वाटलें.

सर्वांत मोठा आघात २००० सालीं झाला. नॅपस्टर या संस्थेच्या द्वारें लोक संगणकावरून एकमेकांना गाण्यांच्या नकला विनामूल्य देऊं लागले होते. मेटॅलिकानें एप्रिलमध्यें त्या संस्थेवर दावा लावला, आणि मे महिन्यांत तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची यादी तिच्या स्वाधीन करून त्यांना बंदी करण्याची मागणी केली. कायद्याच्या दृष्टीनें वृंदाची बाजू दुबळी नव्हती. परवानगीवांचून आपली कृति वांटली जाऊं नये असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येक कलावंताला आहे. परंतु ज्यांची कीर्ति नकललेल्या कॅसेटच्या पाठीवर बसून जगभर हिंडली, त्यांनींच नकलणाऱ्यांना आरोपी करावें, हें चाहत्यांना सोसलें नाहीं.

अशा कलुषित वातावरणांत २००३ च्या जूनमध्यें 'सेंट अँगर' प्रसिद्ध झाला. मधल्या काळांत न्यूस्टेड वृंद सोडून गेला होता, आणि हेटफील्ड मद्याच्या व्यसनावरील उपचारासाठीं कांहीं महिने दूर राहिला होता. 'तुम्ही मवाळ झालांत' ही बारा वर्षांची तक्रार या आल्बमनें निकालांत काढली. संगीत पुन्हां जड, उग्र आणि वेगवान झालें. मग चाहते तृप्त झाले काय? बहुतेक झाले नाहींत. गिटारचे एकल आलाप अजिबात गाळले होते. ड्रमचा आवाज रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा खणखणत होता. गाणीं लांबलेलीं होतीं. उग्रता होती, पण घडण नव्हती. चाहत्यांना इतकीं वर्षे जें हवें होतें तें नुसतें वजन नव्हतें, हें त्यांना स्वतःलाहि बहुधा याच वेळीं नीट उमगलें.

त्यानंतर पांच वर्षांनीं, १२ सप्टेंबर २००८ रोजीं, 'डेथ मॅग्नेटिक' निघाला. या वेळीं निर्माता रिक रुबिन होता. दहा गाणीं आणि सुमारें पाऊण तास अधिक अर्धा तास इतका विस्तार. गिटारचे आलाप परत आले होते, ताल पुन्हां पालटूं लागले होते. १९८६ च्या सुमारास जें घडत होतें त्याची आठवण व्हावी असें हें संगीत होतें. पहिल्या तीन दिवसांतच अमेरिकेंत जवळजवळ ४,९०,००० प्रती खपून तो विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं गेला. दीर्घ प्रवासाहून घरचा माणूस परत यावा, असा आनंद चाहत्यांत पसरला. पण दोनचार दिवसांतच एक चमत्कारिक तक्रार उठली. संगीत उत्तम, परंतु तें ऐकवत नाहीं!

या तक्रारीचें मर्म कळण्यास थोडें यंत्रशास्त्र समजून घेतलें पाहिजे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या काँपॅक्ट डिस्कमध्यें ध्वनि आंकड्यांच्या रूपानें साठविलेला असतो. प्रत्येक क्षणींच्या ध्वनिलहरीला ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एक पायरी नेमून दिलेली असते, आणि शेवटल्या पायरीच्या वर चढण्यास जागा नसते. आतां गाणें दुसऱ्यांच्या गाण्याहून मोठें वाजावें अशी इच्छा असेल तर एकच उपाय उरतो. यंत्राच्या साहाय्यानें मोठे आवाज दाबावयाचे आणि मग सर्व ध्वनि एकजात वर उचलावयाचा. त्यामुळें हळू आवाजहि मोठे होतात. हें दडपण अति झालें म्हणजे लहरींचे माथे सपाट छाटले जातात, आणि त्या छाटणीतून मुळांत नसलेली एक किरकिरी खरखर उत्पन्न होते. ड्रमचा ठोका भोवतालच्या आवाजाहून क्षणभर उंच उठतो, म्हणून तो ठोका वाटतो. सर्वच ध्वनि छपराला टेकलेला असला तर ठोक्यानें उठावें कोठें? अखंड ओरडणाऱ्या शिक्षकाकडे वर्ग जसा लक्ष देईनासा होतो, तसेंच येथें घडतें. कान शिणतात आणि वजन नाहींसें होतें.

ही स्पर्धा नवी नव्हती. उपाहारगृहांत नाणें टाकून वाजवावयाच्या यंत्रांच्या काळींहि आपली तबकडी शेजारच्या तबकडीहून मोठी वाजावी अशी चढाओढ होती. पण तबकडीच्या चऱ्यांनाच मर्यादा असे. चरा फार रुंद झाला तर जागा अपुरी पडे आणि सुईहि उडे. आंकड्यांच्या युगांत हा नैसर्गिक लगाम तुटला, आणि १९९० नंतर ही चढाओढ बेसुमार वाढली.

'डेथ मॅग्नेटिक'च्या चाहत्यांना पुरावा सांपडला तो एका खेळांत. 'गिटार हीरो' नांवाच्या संगणकीय खेळासाठीं याच आल्बमचीं गाणीं त्याच सुमारास उपलब्ध झालीं होतीं, आणि त्यांवर शेवटचें दडपण पडलेलें नव्हतें. चाहत्यांनीं दोन्ही प्रतींच्या ध्वनिलहरींचीं चित्रें शेजारीं शेजारीं मांडलीं. खेळांतल्या प्रतींत डोंगरदऱ्या दिसत होत्या. विकत घेतलेल्या प्रतींत विटेसारखा सपाट ठोकळा. दहा हजारांहून अधिक लोकांनीं सह्या करून नवें मिश्रण प्रसिद्ध करण्याची मागणी केली. अंतिम संस्कार करणारे तंत्रज्ञ टेड जेन्सन यांनीं एका चाहत्यास दिलेल्या उत्तरांत, आपल्याकडे आलेलें मिश्रण आधींच दडपलेलें होतें असें स्पष्ट केलें. उलरिकनें मात्र रुबिनच्या कामाची पाठराखण केली. पुढें २००९ मध्यें आल्बमला ग्रॅमी पारितोषिकेंहि मिळालीं. मागणी तत्काळ मान्य झाली नाहीं. पण या वादामुळें ध्वनीच्या दडपणाचा प्रश्न तंत्रज्ञांच्या खोलींतून सामान्य वर्तमानपत्रांच्या वाचकांपर्यंत आला.

नभोवाणीच्या श्रोत्यांनाहि हा विषय परका नाहीं. दोन कार्यक्रमांच्या मध्यें आवाज एकदम वाढला म्हणजे बटनाकडे हात जातो, तो याच कारणानें. युरोपांतील नभोवाणी संस्थांच्या संघानें २०१० मध्यें सर्व कार्यक्रमांचा सरासरी आवाज एका मापानें समान राखण्याची शिफारस केली. पुढें इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या प्रमुख संस्थांनींहि तशीच व्यवस्था स्वीकारली. जेथें ही व्यवस्था चालू असते तेथें अति दडपलेल्या गाण्याचा आवाज आपोआप खालीं आणला जातो, आणि ओरडण्याचा फायदा उरत नाहीं.

चाहत्यांच्या रागाचें दुसरें रूप भारतांतहि दिसलें. २८ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लीजवळ गुडगांव येथें मेटॅलिकाचा भारतांतील पहिला कार्यक्रम व्हावयाचा होता. गर्दीनें कठडे मोडले, सुरक्षिततेच्या कारणानें कार्यक्रम रद्द झाला, आणि संतप्त जमावानें रंगमंचावरील साहित्याची नासधूस केली. दोन दिवसांनीं, ३० ऑक्टोबरला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर तोच वृंद हजारों श्रोत्यांपुढें निर्विघ्नपणें वाजला.

गुडगांवचा जमाव आणि २००८ चे सह्या करणारे, दोघेहि चाहतेच. दोघांचीहि निराशा झाली होती. पण एकानें साहित्य मोडलें, आणि दुसऱ्यानें कान देऊन ऐकलें, दोन प्रती ताडून पाहिल्या, आणि दोष कोठें आहे तें बोट ठेवून दाखविलें. आल्बम सौम्य करावा कीं जड, हें ठरविण्याचा अधिकार कलावंताचाच. तो श्रोत्यांनीं मागूं नये. १९८४ चा, १९९१ चा आणि १९९६ चा राग त्यामुळें आज बराचसा फिका वाटतो. परंतु जें घडविलें तें स्वच्छ ऐकूं यावें, एवढें मागण्याचा अधिकार पैसे मोजून ऐकणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो अधिकार बजावतांना त्या चाहत्यांनीं आवाज चढविला नाहीं. त्यांचें मागणें इतकेंच होतें कीं आवाज थोडा उतरवा, म्हणजे आमचें आवडतें संगीत पुन्हां भारी वाटेल.