जखमेचं ज्ञान आणि जनावरांचं ऋण

पशुवैद्यकातली शस्त्रक्रिया म्हणजे माणसाच्या वैद्यकाकडून केलेली उसनवारी, असं सर्रास मानलं जातं. इतिहास मात्र उलट साक्षही देतो. १८६८च्या अखेरीस शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी वासराच्या मानेतली रोहिणी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या आतड्याच्या तातीने बांधली. महिन्याने पाहिलं, तर तातीच्या जागी जिवंत ऊती भरून आली होती. १९६२मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा खपली धरलेल्या उघड्या जखमेपेक्षा लवकर येते.

ती जनावरं प्रयोगातली होती, रुग्ण नव्हती, हा आक्षेप खराच. म्हणूनच माणसाच्या वैद्यकावरचं त्यांचं ऋण अधिक मोठं. शिवाय घोड्याच्या पायाच्या जखमेत मांसांकुर बेसुमार वाढतात आणि ती भरता भरता अडते. तिथे माणसाचे नियम जसेच्या तसे लावून भागत नाही. जनावराच्या जखमेचा स्वतंत्र अभ्यास हीच त्या ऋणाची खरी फेड आहे.