चेपलेली नळी आणि प्लाझ्माचा हट्ट

आजची गोष्ट सुरू होते तांब्याच्या एका पोकळ नळीपासून. ऑस्ट्रेलियात हार्टली व्हेलच्या रॉकेल कारखान्यावर वीज पडली आणि वीजरोधकाची नळी चेपून गेली. १९०५ मध्ये सिडनीच्या पोलॉक आणि बॅराक्लो यांनी कारण शोधलं. नळीतून गेलेल्या करंटनं स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र तयार केलं आणि त्याच क्षेत्रानं नळी दाबली. याला म्हणतात पिंच.

मग पुढे विचार आला, की असाच प्लाझ्मा दाबून तापवला तर? सूर्यासारखं फ्युजन पृथ्वीवर! पण प्लाझ्मा ऐकेना. तो जिथे जरा बारीक होतो, तिथे क्षेत्र वाढतं. क्षेत्र वाढलं की तो अजून बारीक होतो. आपल्या भाषेत, न थांबणारा लूप. काही मायक्रोसेकंदांत खेळ खल्लास.

यावर उपाय निघाला: प्लाझ्माच्या लांबीच्या दिशेनं आधीच दुसरं चुंबकीय क्षेत्र घालायचं. त्याच्या रेषा ताणलेल्या रबरासारख्या वाकायला विरोध करतात. ब्रिटनमध्ये हार्वेलच्या झीटा यंत्रात हेच केलं होतं. न्यूट्रॉन दिसले. जानेवारी १९५८ मध्ये जॉन कॉकक्रॉफ्ट म्हणाले, ते फ्युजनचेच असल्याची नव्वद टक्के खात्री आहे. जगभर हेडलाइन! मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. प्लाझ्मा हवा तेवढा तापलाच नव्हता. अस्थिरतेनंच थोड्या अणुकेंद्रांना ढकललं होतं. म्हणजे बगचं आउटपुट रिझल्ट समजलं गेलं.

आता थेट अमेरिकेत, सँडिया प्रयोगशाळेच्या झेड मशीनकडे. इथे बेरिलियमची छोटी नळी सुमारे २ कोटी अँपिअर करंटनं आत कोसळते. साध्या प्रयोगात तिच्यावर बांगड्यांसारख्या आडव्या वळ्या पडायच्या. २०१३ मध्ये आधी ७ ते १० टेस्लाचं उभं क्षेत्र घातलं, तर वळ्या स्क्रूच्या आट्यांसारख्या तिरक्या झाल्या! गंमत म्हणजे करंटचं स्वतःचं क्षेत्र शेवटी याच्या शंभरपट होतं, तरी सुरुवातीचा ठसा पुसला गेला नाही.

अस्थिरता गेली नाही, फक्त तिचा आकार बदलला. पण त्याच क्षेत्रानं इंधनातली उष्णता आत धरून ठेवली आणि २०१४ च्या निकालांत तापमान सुमारे ३ कोटी अंशांवर पोहोचलेलं दिसलं. या वेळचे न्यूट्रॉन मात्र खरोखर तापलेल्या इंधनातूनच आले होते.

झीटानं शिकवलं ते हेच: न्यूट्रॉन दिसले की लगेच नाचायचं नाही, आधी ते आले कुठून ते विचारायचं. भेटू पुढच्या भागात!