ठासणीची बंदूक, नेमाची बंदूक : एका शौकाच्या परिभाषेचा इतिहास

बंदुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा लढायांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी किती होते, महादजी शिंद्यांच्या कंपूंत कोणती हत्यारे होती, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. तथापि लढाईशी काडीचाही संबंध नसलेली बंदूकही आपल्या समाजात दीर्घकाळ वावरत आली आहे. वाड्याच्या माजघरात खुंट्यांवर टांगलेली, शिकारीच्या हंगामात खाली उतरणारी, अथवा रविवारी चांदमारीच्या मैदानावर नेली जाणारी ही बंदूक शौकाची होय. तिच्या मालकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात: जुनी हत्यारे जमविणारा संग्राहक, शिकारी, आणि लक्ष्यभेदाचा छंद करणारा नेमबाज. एकच मनुष्य तिन्ही असू शकतो, आणि पूर्वी पुष्कळदा असेही. परंतु हे तिघे बंदुकीविषयी बोलू लागले म्हणजे त्यांचे शब्द वेगळे पडतात, आणि त्या शब्दांत बंदूक भरण्याच्या रीतीतील तीन कालखंड एकावर एक रचलेले आढळतात. जुने कागद वाचणाऱ्या अभ्यासकास या थरांचे भान नसेल तर तो कोणत्या चुका करू शकतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम खुद्द ‘बंदूक’ हा शब्द घेऊ. तो आपणांकडे फारसीमार्गे आला. मूळ अरबी ‘बुन्दुक’, आणि त्याच्याही मागे ग्रीक. काळ्या समुद्राच्या पोंतुस प्रदेशातून येणाऱ्या कठीण कवचाच्या फळास ग्रीक लोक ‘पोंतिकोन’ म्हणत. अरबीत त्याचे बुन्दुक झाले. त्या फळाच्या आकाराची मातीची गोळी, पुढे ती गोळी फेकणारे धनुष्य, आणि अखेर दारूच्या जोराने गोळी फेकणारी नळी, असा अर्थाचा प्रवास झाला. अरबीत व्हेनिस शहराचे नाव ‘अल्-बुन्दुकिया’ असल्याने बंदूक व्हेनिसहून आली अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते; ती रंजक आहे, परंतु फळाचा मार्ग अधिक सरळ आहे. ‘दारू’चेही असेच. फारसीत तो शब्द औषधाचा. मराठीत तो मद्यासाठीही रुळला आणि बंदुकीच्या चूर्णासाठीही. दिवाळीतील शोभेच्या दारूचा इतिहास लिहिताना प. कृ. गोडे यांनी भांडारकर संस्थेत बसून जी साधने धुंडाळली त्यांचा उपयोग बंदुकीच्या इतिहासासही होतो. या दोन इतिहासांत भिंत घालता येत नाही.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पश्चिम किनाऱ्यावर चांगली हातबंदूक घडविण्याच्या कामास पोर्तुगीजांच्या आगमनाने मोठी चालना मिळाली. आल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकले, आणि १५१३ साली गोव्याच्या कारागिरांनी केलेल्या बंदुकांचा नमुना आपल्या राजाकडे पाठविताना त्या बोहेमियातील बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे कळविले. तरी बंदुकीचे पोर्तुगीज नाव मराठीत रुजले नाही. वस्तू समुद्राने आली आणि नाव दरबाराने दिले, असा हा प्रकार आहे. पोर्तुगीजांचा जो शब्द टिकला तो ‘काडतूस’. यावरून शब्द आणि वस्तू एकाच गलबतातून उतरतात असे मानून चालणाऱ्यांनी सावध राहावे.

आता संग्राहकाकडे वळू. त्याच्या भाषेत सर्वांत जुना थर सापडतो. त्याची आवडती वस्तू म्हणजे तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सावकाश धुमसत राहणारी दोरी. तिलाच जामगी असेही म्हणत. नळीच्या बाजूस लहानसे छिद्र, म्हणजे काना. त्यालगतच्या पाळ्यात घातलेली बारीक दारू ती रंजक. चाप ओढला की तोड्याचे पेटते टोक रंजकेवर उतरते, रंजक भडकते, आणि कान्यातून आग आत जाऊन बार उडतो. पावसाळ्यात तोडा विझतो आणि रंजक ओलावते, म्हणून दसऱ्यानंतर मोहीम, ही सांगड केवळ नद्यांच्या पुरामुळे पडलेली नव्हती. इंग्रज संग्राहकांच्या याद्यांत या हत्यारास ‘तोरादार’ असे नाव असते. आपल्या तोडादाराचेच हे रूप होय. मधल्या मूर्धन्य वर्णाचे रोमन लिपीत र झाले, आणि आता आपल्याच वस्तुसंग्रहालयांतील काही पाट्यांवर तेच नाव देवनागरीत परत आलेले दिसते. तोड्याचा अर्थ त्या वाटेवर कोठेतरी गळून पडला.

तोड्यानंतर चकमक आली. तुर्कीत ‘चकमक’ म्हणजे आघात करणे. मराठीत ती आग पाडण्याची गार झाली, आणि गारेच्या ठिणगीने रंजक पेटविणारी बंदूक ती चकमकीची. युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पलटणींत ही बंदूक होती. परंतु गावोगावचा बंदूकधारी तोड्यालाच चिकटून राहिला, कारण तोडा स्वस्त होता आणि गारेप्रमाणे ऐन वेळी दगा देत नव्हता. आज वर्तमानपत्रात ‘पोलिसांशी चकमक’ असे वाचताना गारेची आठवण कोणासही होत नाही. तीच कथा ‘गोलंदाज’ या शब्दाची: तोफखान्यातील गोळे फेकणारा मनुष्य क्रिकेटच्या मैदानावर जाऊन उभा राहिला. त्याचा सोबती बरकंदाज, म्हणजे वीज फेकणारा, मात्र मागे राहिला आणि विस्मृत झाला.

संग्राहकांना पुष्कळदा हौशी म्हणून नाके मुरडली जातात, आणि त्यांच्यापैकी काही खरोखरच चांदीच्या नक्षीपलीकडे पाहत नाहीत. परंतु दप्तरातील बंदुकांची यादी वाचणाऱ्या पदवीधराने एकदा तरी तोड्याची बंदूक हाती घेऊन, तिचे वजन खांद्यावर तोलून, मग लेखणी उचलावी असे सुचवावेसे वाटते. अठराव्या शतकातील कागदात काडतूस हा शब्द आला की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे पितळी टोपण उभे राहते. वस्तुतः ते कागदाचे होते. मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली. शिपायाने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. १८५७ च्या काडतुसांचा प्रश्न दातांशी का निगडित होता, हे त्याशिवाय उमगत नाही. शब्द तोच राहिला आणि त्याच्या आतील वस्तू बदलली. इतिहासाच्या वाचकास अपरिचित शब्दापेक्षा असा ओळखीचा शब्दच अधिक फसवितो.

दुसरा थर ठासणीचा. तो तोड्याहून वेगळा नव्हे, कारण तोड्याची बंदूकही तोंडानेच भरावी लागे. परंतु ‘ठासणीची बंदूक’ हे नाव कुशीतून काडतूस भरण्याची सोय आल्यावरच सार्थ झाले असावे. पर्याय उत्पन्न झाल्याखेरीज जुन्या वस्तूस विशेषण लागत नाही. ही बंदूक संग्रहालयात गेली नाही. कोकणात शेती-संरक्षणाच्या परवान्यावर ती आजही घरात असते. वानर आणि रानडुकरे यांच्यापासून बागाईत राखण्यासाठी ती बाळगतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत बहुधा ठाण्यात जमा करतात. अशा एका वृद्ध परवानाधारक गृहस्थांना प्रस्तुत लेखकाने ती भरण्याची रीत विचारली. त्यांनी हत्यारास हात न लावता, केवळ बोटांनी हवेत दाखवीत, क्रम सांगितला: आधी दारू, वर सोडणाचा बोळा, गजाने ठासणे, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा हलकी ठासणी, अखेर केप. “छर्‍यांवर जोर केलात तर नळी फुटेल,” ते म्हणाले, “आणि दारूवर जोर केला नाहीत तर बार फुसका.” फुसका बार हा वाक्प्रचार आपण सभेतील भाषणांविषयी वापरतो, त्यांनी तो दारूविषयी वापरला, आणि वाक्प्रचार होण्यापूर्वीचा त्याचा अर्थ क्षणभर समोर उभा राहिला. ‘केप’ हा इंग्रजी शब्द स्फोटक टोपीबरोबर एकोणिसाव्या शतकात आला आणि मुलांच्या दिवाळीच्या पिस्तुलात जाऊन बसला.

या थरातील शब्दांचा रोख सर्वत्र भरण्याकडे आहे. बार भरणे, बार ठासणे, बार काढणे, बार उडविणे: क्रियापदे पाहा, त्यांत लक्ष्य कोठेच नाही. एकदा बार उडाला की पुन्हा भरण्यास लागणारा वेळ हीच ज्या हत्याराची मर्यादा, त्याची भाषा भरण्याभोवती फिरावी हे स्वाभाविक आहे. जो भाग पाडला असता बार उडतो त्यास मराठीने ‘घोडा’ म्हटले. इंग्रजीने त्याच भागास कोंबड्याचे नाव दिले. पुढे कुशीतून भरण्याची दुनळी आली आणि ‘बारा बोअर’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची, हा त्याचा अर्थ. बाराचा आणि बाराबोअरचा संबंध असल्याचे अनेक शिकारी सांगतात. तो नाही, पण कानाला पटतो.

शिकाऱ्याच्या भाषेविषयी अधिक सावधपणे लिहिले पाहिजे. मराठीत या एका कर्मास दोन शब्द आहेत. ‘शिकार’ फारसी, ती राजाची, सरदाराची, पुढे साहेबाची आणि इनामदाराची. ‘पारध’ प्राकृत ‘पारद्धि’पासूनची, संस्कृतात तिचे ‘पापर्द्धि’ असे रूप आढळते आणि त्यात पापाची वृद्धी असा अर्थ वाचला जातो. शिकार करणारा तो शिकारी, हे कौतुकाचे विशेषण झाले. पारध करणारा तो पारधी, ही जात झाली, आणि १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या धोरणाने अशा अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला; तो कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडले. फासे लावून तितर धरणारा संशयित, आणि हाक्याला शंभर माणसे लावून माळ्यावर बसणारा प्रतिष्ठित, असा हा न्याय होता. शिकारकथांत हाका सर्वत्र येतो. हाकारे क्वचितच नावानिशी येतात, आणि आले तर बहुधा जखमी झाल्यावर.

या प्रतिष्ठेला कायद्याने आकार दिला. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवाना आवश्यक केला आणि युरोपीयांस मोकळीक ठेवली. त्यामुळे बंदूक बाळगणे हे सरकारच्या मर्जीचे चिन्ह बनले. परवाना हा कागद बंदुकीपेक्षाही अधिक जपून ठेवणारी घराणी आहेत. तो कायदा जाऊन १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यात वापरास निकामी झालेल्या, पुराणवस्तूच्या मोलाच्या हत्यारांस सूट ठेवली गेली, म्हणून संग्राहक तगला. शिकारी तगला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा शौक मुळापासून छेदला, आणि ते योग्यच झाले. चित्ता आपल्या रानांतून त्यापूर्वीच नाहीसा झाला होता. मात्र त्या शौकाबरोबर रानाची जी बारीक शब्दसंपत्ती होती, मागांचे, विष्ठेचे, पाणवठ्याचे, वाऱ्याच्या दिशेचे शब्द, तीही बोलणाऱ्यांबरोबर संपत आहे. १९७२ साली पंचविशीत असलेला शिकारी आज पाऊणशे वर्षांच्या पलीकडे आहे. त्याच्या कृत्याविषयी आपले मत काहीही असो, त्याचे शब्द टिपून घेण्याचे काम आता टाळून चालणार नाही.

तिसरा थर नेमबाजाचा. ‘नेम’ हा संस्कृत नियमाचा तद्भव. व्रताचा नेम आणि बंदुकीचा नेम हे एकच. त्याला फारसी ‘-बाज’ जोडून मराठीने ‘नेमबाज’ घडविला. हिंदीने ‘निशानेबाज’ म्हणून दोन्ही अंगे फारसीच ठेवली. दगाबाज, नखरेबाज, कज्जेबाज अशा संशयास्पद मंडळीत वावरणारा हा प्रत्यय नियमाच्या संगतीने सभ्य झाला, हे गमतीचे आहे. येथे प्रथमच लक्ष्य भाषेच्या केंद्रस्थानी आले. दहा मीटरांवरील एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. तेथे भरण्याच्या कौशल्यास स्थान उरत नाही, श्वास आणि बोट एवढेच उरते.

या छंदास संस्थेचे रूप आले ते १९५१ साली, राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेने. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, गुजरातेत कर्तृत्व गाजविलेले हे मराठी गृहस्थ होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही भरते. बिकानेरचे महाराज करणीसिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले, तेव्हापर्यंत हा खेळ बव्हंशी संस्थानिकांचाच होता. पुढे अंजली भागवत आल्या त्या छात्रसेनेतून. २०१० साली म्युनिक येथे जगज्जेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या. आजच्या नेमबाजाची परिभाषा मात्र जवळजवळ संपूर्ण इंग्रजी आहे: साईट, ट्रिगर, पेलेट, प्रोन, नीलिंग. घोडा आणि चाप तिच्यात नाहीत. ‘नेम’सुद्धा वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतो, सराव करणारी मुले ‘एम’ म्हणतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात दाजीपूरचे रान आहे. ते करवीर छत्रपतींच्या शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले. त्याच तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळविले. त्या दिवसाच्या मराठी वार्तांकनाची कात्रणे विभागाच्या कोशासाठी जमविताना ‘अचूक नेम साधला’ आणि ‘पदकाचा बार उडविला’ हे दोन्ही प्रयोग आढळले. पहिल्याची नोंद ‘नेम’खाली झाली आहे. दुसरी ‘बार’खाली घ्यावी की वाक्प्रचारांत, याविषयी आमच्यात अद्याप एकमत झालेले नाही.