पेठेतला हौद

पुण्याच्या इतिहासावर लिहायला बसावे, तर लेखणी आपोआप शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाकडे धाव घेते. तिथून मोहिमा निघतात, तहनामे होतात, कारस्थाने शिजतात. दिवाळीच्या फराळाबरोबर हे सारे रुचतेही. पण पेठेत राहणाऱ्या बाईला सकाळी उठल्यावर पहिली चिंता अटकेची नसे, घागरीची असे. म्हणून आज आपण घागर घेऊन निघू.

शहाजीराजांच्या जहागिरीतले कसब्याभोवतीचे पुणे लहान होते. नदी, ओढे आणि विहिरी यांवर त्याचे भागत असे. पुढे पेशव्यांनी इथे बिऱ्हाड थाटले, पेठांमागून पेठा वसू लागल्या आणि पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराशी तलाव बांधवून तिथून गावात पाणी आणले. अंतर सुमारे अडीच कोसांचे. वाटेत ना पंप, ना चाक! कात्रज उंचावर, गाव सखलात; एवढ्याच भांडवलावर हा सगळा कारभार चालला. जमिनीखाली दगड-चुन्याचा नळ. नळ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे बोटभर जाडीची तोटी येते, पण हा नळ म्हणजे माणूस उभा राहून चालेल एवढे भुयारच. मध्ये मध्ये जमिनीवर डोके काढणारे उच्छ्वास ठेवलेले. त्यांतून हवा खेळे आणि आतला गाळ उपसायला माणूसही उतरू शके. उच्छ्वास! नळालाही श्वास घ्यावा लागतो हे ओळखून ज्याने हे नाव योजले, त्या अनामिक गवंड्याला किंवा कारकुनाला माझा नमस्कार.

हे पाणी वाड्यात गेलेच, कारंज्यांतून उडालेही. पण पेठापेठांतल्या हौदांतही पडले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अशी बसली की फडके हौद चौकात उभे राहून “हौद कुठे आहे?” असे विचारणारा आजही परगावचा ठरतो. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावच्या बाजूने आणखी एक नळ आणून सदाशिव पेठेतला हौद भरला. रास्ते आणि चौधरी यांनीही आपापले नळ आणले. वाडा बांधणारा धनिक पाण्याची तजवीजही आपलीच मानी, आणि त्याच्या पदरचे पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घागरीपर्यंत झिरपे.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या म्हणजे कोणाच्या? इथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण हौदांची कवने गाणारे आपले लेखक नेमके इथेच पाऊल उचलतात. कात्रजचे पाणी सगळ्या गावाचे होते असे आपण सहज लिहून जातो. ते तसे नव्हते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या माणसांना हौदावर घागर बुडवता येत नव्हती. कोणी वरून ओंजळीत ओतील तेव्हा पाणी. पेशवाई १८१८ साली बुडाली, कंपनी आली, १८५८ साली राणीचे राज्य झाले. पण हौदाच्या काठचा कायदा तोच राहिला.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. गंज पेठेतला एक घरगुती हौद! नानासाहेबांच्या कामापुढे तो केवढासा? पण मला विचाराल तर पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात कात्रजच्या शेजारी मांडावे असे हे दुसरे काम. पहिल्याने पाणी माणसापर्यंत आणले, दुसऱ्याने माणसाला पाण्यापर्यंत येऊ दिले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात यायला १९२३ साल उजाडले, आणि तो खरा करून दाखवण्यासाठी आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावे लागले. गंज पेठ त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी जागी झाली होती.

हेच जोतीराव १८७६ नंतर काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नव्या मंडईच्या इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ते कोणी ऐकले नाही. १८८६ साली मंडई दिमाखात उघडली, रे साहेबांचे नाव ल्याली, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला नाव मिळाले महात्मा फुल्यांचे! पुण्याच्या विनोदबुद्धीला तोड नाही.

वाचायची सोय म्हणाल, तर नगर वाचन मंदिराचे मूळ १८४८ चे. भिडेवाड्यातली मुलींची शाळाही त्याच साली सुरू झाली. पण तो विषय वेगळ्या लेखाचा. असो.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. लोखंडी नळ घराघरांत शिरले, आणि हौद पाहता पाहता म्हातारे झाले. काही बुजले, काहींवर रस्ते गेले. हौद म्हणजे डासांची पैदास, असे म्हणणाऱ्यांचेही चुकत नव्हते. मग १२ जुलै १९६१ उजाडला. सकाळी पानशेत फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला गेला आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला तेव्हा गावभर चिखल होता आणि नळाला थेंब नव्हता. तेव्हा लोकांना वाड्यांतल्या विहिरी आठवल्या, उरलेसुरले हौद आठवले.

आमची आत्या तेव्हा शुक्रवारात राहत असे. त्या आठवड्यात तिने एवढ्या कळशा वाहिल्या की पुढे दोन महिने तिचा उजवा खांदा वर होत नव्हता. पाणी कसे होते, असे मी एकदा तिला विचारले. “थंड,” ती म्हणाली, “आणि जरासे चुनखडीचे. डाळ काही शिजायची नाही त्यात लवकर.”