शेवाळाची साखर आणि केमोचं आतडं

परवा एका काकूंचा फोन आला. काकांची केमो चालू आहे आणि कुणीतरी त्यांना समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल सुचवल्यात. "तुझी पीएचडी यातच आहे ना गं? देऊ का?" मला पटकन हो-नाही म्हणता येईना. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९१३ साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या हाराल्ड क्यूलिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तपकिरी शेवाळांतून एक चिकट पदार्थ वेगळा केला. आज आपण त्याला फ्यूकॉइडन म्हणतो. फ्यूकोज या साखरेची ही लांब साखळी, आणि तिला जागोजागी सल्फेट चिकटलेलं. आपले पाचकरस ती फोडू शकत नाहीत, त्यामुळे ती आतड्यात बरीच खालपर्यंत पोचते.

दुसरा धागा युद्धातला. मस्टर्ड वायूने पांढऱ्या पेशी घटतात, हे पहिल्या महायुद्धानंतर नोंदलं गेलं होतं. १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लिम्फोमाच्या रुग्णाला दिलं गेलं. १९५८ मध्ये जर्मन संशोधकांनी त्यापासून सायक्लोफॉस्फमाइड बनवल्याचं जाहीर केलं. ते आजही वापरात आहे.

हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं, मग त्या कर्करोगाच्या असोत की आतड्याच्या अस्तराच्या. आतड्याचं अस्तर तर दर काही दिवसांनी नवं होतं, म्हणून त्यालाही झळ बसते. प्रयोगशाळांनी याचाच उपयोग केला. उंदरांना हे औषध देऊन त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम पाडायची आणि मग शेवाळ, समुद्रकाकडी किंवा माखुलाच्या शाईतल्या शर्करा खाऊ घालायच्या. अनेक प्रयोगांत अस्तर सावरलं आणि आतड्याचा पहारेकरी असलेलं आयजीए हे प्रतिपिंड वाढलं. कॅप्सूलच्या जाहिराती इथेच थांबतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेतल्या गटाने दाखवलं की सायक्लोफॉस्फमाइडमुळे आतड्याची भिंत सैल होते, काही जिवाणू लसिका ग्रंथींपर्यंत पोचतात आणि तिथे गाठीविरुद्धच्या पेशी जाग्या करतात. अँटिबायोटिक देऊन जिवाणू मारले, तर उंदरांमध्ये औषधाचा प्रभावच कमी झाला! म्हणजे भिंतीची ही गळती नुसती इजा नाही, औषधाच्या कामाचा एक भागही आहे.

आता शेवाळाचे ते प्रयोग पुन्हा बघा. त्यातले बरेच उंदीर मुळात निरोगी होते, त्यांना गाठच नव्हती. मग भिंत सावरताना गाठीवरचा मारा टिकतो की बोथट होतो, हे त्यांच्यावरून कसं कळणार? माझ्या मते आमच्या क्षेत्राने आधी हाच प्रश्न हातात घ्यायला हवा. शिवाय फ्यूकॉइडनला हेपॅरिनसारखा रक्त पातळ करण्याचा गुण आहे, आणि केमोत प्लेटलेट आधीच घसरलेल्या असू शकतात.

काकूंना म्हटलं, "बाटली डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत उघडू नका." त्या जरा हिरमुसल्या. पण शंभर वर्षांच्या या इतिहासातून आज मी प्रामाणिकपणे एवढंच सांगू शकते.